निघालेला माल

पितळी दगड बसवायचा तर आधी
एक साधा दगड काढावा लागतो.
भाषणात हे येत नाही.
नगरपालिकेच्या फॉर्मवर मात्र रकाना आहे,
‘निघालेला माल’.
त्यापुढे मी लिहिलं : बसाल्ट, चार नग.

गेर्बरगासे, घर क्रमांक सतरा.
खाली आता चष्म्यांचं दुकान.
नोव्हेंबरची सकाळ, हातमोज्यांतही बोटं आखडलेली.
मिर्को कामावर नवा. पहार घालतो, दगड हलत नाही.
हलवत हलवत काढ, म्हटलं, दाढेसारखा.
एकदा एक निघाला की शेजारचे
आपोआप सैल होतात.
(मी दगडांबद्दल बोलतोय.)

खाली वाळू. वाळूत बिअरचं बूच, एक बटण,
वीतभर खोल गॅसची पिवळी नळी.
दहा सेंटिमीटर बाय दहा.
झीगबर्ट नॉयमार्क, जन्म १८९८, यांना एवढी जागा.
हेनरिएट, माहेरच्या फिलिप्सटाल, त्यांना तेवढीच.
मिर्यम सहा वर्षांची. तिलाही तेवढीच,
लहान मुलांसाठी लहान माप येत नाही.
तिघांच्या पाटीवर रीगा.
चौथी लोथारची : पलायन, १९३९.
चौघांना खेटून बसवावे, असं पत्रात होतं.
मी रबरी हातोड्याने ठोकून ठोकून
त्यांना एका पातळीत आणलं.

तिसऱ्या मजल्यावरून फ्राउ ओस्टहाइमर वाकून बघत होत्या.
‘फार सज्जन माणसं हो,’ म्हणाल्या,
‘त्यांचं ते अक्रोडाचं कपाट अजून आमच्या...’
आणि थंडी वाजल्यासारखी खिडकी लावून घेतली.

पुढच्याला ठेच, मागचा शहाणा.
मागचे म्हणजे आम्ही.
मुलगी मला विचारते, बाबा, यांना ठेचेचे दगड म्हणतात,
मग कुणालाच ठेच कशी लागत नाही?
काय सांगू? मीच ते सपाट बसवतो.
एक मिलिमीटर वर राहिला
तरी विमा कंपनीचं पत्र येतं.

निघालेले दगड नियमाने क्रशरला जातात.
माझे जात नाहीत.
डेपोत, मिठाच्या पोत्यांमागे, एक ढीग आहे.
काल मोजले, एकशे बारा.
मिर्को म्हणाला, कशाला?
अरे, पितळ काल आलं, खोक्यातून, कागदात गुंडाळून.
नावं त्याला पाठ आहेत,
पण त्याने त्यातलं कुणी पाहिलेलं नाही.
हे काळे बघ.
यांच्यावरून ती शाळेला जायची, सांधे चुकवत, एका पायावर.
डिसेंबरात दाराला कुलूप लावताना
सुटकेस यांच्यावरच टेकवली असेल.
आणि समोरच्या फुटपाथवर जे मान खाली घालून उभे होते
(माझे आजोबा याच गल्लीतले),
त्यांना तर त्या सकाळी
दगडांशिवाय दुसरं काही दिसलंच नाही.

कार्यक्रमाला लोथारची मुलगी आली होती,
मोंटेव्हिडिओहून. ग्रासिएला.
गुलाब, महापौर, शाळेतल्या मुलांची बासरी.
सगळे पांगल्यावर ती ट्रकपाशी आली.
तिची जर्मन तुटकी, पण वळण जुनं,
माझी आजी बोलायची तसं.
‘हे टाकून देणार?’
एक उचलला तिने, दोन्ही हातांनी.
वरची बाजू झिजून साबणासारखी,
बाकी अंग खरबरीत, तिथे कधी ऊन लागलेलं नाही.
अंगठा फिरवत राहिली.
‘वजन किती?’
तीन किलो, बाई. वाळू झटकलीत तर थोडं कमी.

तिने वाळू झटकली नाही.
बॅग उघडली,
महापौरांनी दिलेला शहराच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ
बाहेर काढून माझ्या हातात ठेवला,
त्या जागी दगड.

ग्रंथ केबिनमध्ये आहे.
मिर्को त्यावर थर्मास ठेवतो.

फॉर्मवर मी चार खोडून तीन केले.
खाडाखोड सरळ दिसते.
साहेब विचारतील, चौथा कुठे गेला?
दोन आठवडे झाले.
अजून कुणी विचारलेलं नाही.